मी गॅरेजकडचा गोलपोस्ट

मी गॅरेजकडचा गोलपोस्ट बोलतोय. बेकरीकडचा नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मैदानावर माझी ओळख कायम अशीच करून दिली गेली. तो नव्हे, तो दुसरा.

खरं तर आम्ही जुळे भाऊ. मैदानाच्या कडेच्या गॅरेजमध्ये, पाण्याच्या जुन्या पाइपांतून वेल्डरमामाने आम्हाला एकाच दिवशी जोडलं. जमिनीवर ऑइलचे डाग, भिंतीवर टांगलेले पाने आणि मधे आम्ही आडवे. भोवती क्लब काढायला निघालेली मंडळी उभी होती. एक बेकरीवाला, एक पोस्टमन, एक शिंपी आणि शाळेतले एक मास्तर. त्यांच्यापैकी कुणालाही फुटबॉलचे सगळे नियम येत नव्हते, पण वाद घालायला सगळ्यांना येत होतं.

"घ्या," काळा चष्मा कपाळावर सरकवत वेल्डरमामा म्हणाला, "यांच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाहीत."

सगळे हसले. मीही आतल्या आत हसलो. मग भावाला उचलून बेकरीच्या टोकाला रोवलं आणि मला गॅरेजच्या टोकाला. तिथेच आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

संघाचे शर्ट शिंप्याने शिवले. कापडाचं थान कमी पडलं म्हणून दोघांच्या बाह्या वेगळ्याच निळ्या झाल्या, आणि स्वतःसाठी त्याने उरलेल्या पडद्याच्या कापडाचा शर्ट बेतला. गोलकीपरचा रंग वेगळाच असतो, असं कुणीतरी सांगितल्यावर त्याला फार बरं वाटलं. त्याच्या हाताला लागलेला चेंडू सुटत नसे, म्हणून सगळे त्याला डिंक म्हणू लागले. पुढे त्याच्या दुकानावरही लोक त्याच नावाने हाक मारायचे.

पहिला सामना आठवला की अजून माझ्या अंगाची लाही लाही होते. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. मग पोस्टमनने डोक्याने चेंडू ढकलला आणि तो माझ्या भावाच्या जाळ्यात जाऊन पडला. क्लबचा पहिला गोल, पहिला विजय. बेकरीवाल्याने भट्टी तशीच सोडून मैदानावर धाव घेतली आणि भावाच्या खांबाला मिठी मारली. भावाच्या अंगभर पीठ लागलं. मी समोरच्या टोकाला कोरडा उभा होतो.

त्या दिवसापासून क्लबात एक पद्धत पडली. दुसऱ्या हाफमध्ये आपण बेकरीच्या दिशेनेच खेळायचं. नाणेफेक जिंकली तर तसंच टोक निवडायचं, आणि हरली तर पाहुण्या कॅप्टनला गोड बोलून पटवायचं. सामन्यातली खरी धडपड दुसऱ्या हाफमध्ये, त्यामुळे लोकांच्या लक्षात राहणारे सगळे गोल भावाच्या वाट्याला. माझ्यातही आमच्या पोरांनी गोल मारले, पण ते पहिल्या हाफचे. लोक ते चहा पिता पिता विसरून जायचे.

मग काय विचारता. पायऱ्या बांधल्या त्या बेकरीच्या बाजूला. रंग लावायचा तर आधी त्याला, आणि डब्याच्या तळाशी उरेल तो मला. नवं जाळं त्याला. त्याचं जुनं, गाठी मारलेलं जाळं मला, थोरल्याची आखूड झालेली पँट धाकट्याला घालावी तसं. आम्ही तर एकाच दिवसाचे. माझ्यात चेंडू शिरला की पायऱ्यांवरचे कपाळाला हात लावायचे आणि त्याच्यात शिरला की नाचायचे. यात माझा काय दोष होता, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही.

मी जळत होतो. लपवून काय उपयोग? भावाचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. त्याच्या दांडीवर बसलेली चिमणीसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायची.

एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि ती भावाकडे नव्हती. डिंक. आमचा संघ दुसऱ्या हाफमध्ये बेकरीकडे धावायचा तेव्हा आमचा गोलकीपर माझ्यात उभा असायचा. सगळं मैदान तिकडे बघत असताना तो इकडे माझ्याशी बोलायचा. अखंड बोलायचा. "आता कॉर्नर आहे, सावध राहा." "तो लांब केसांचा डाव्या पायाने मारतो, लक्ष ठेव." खेळ तिकडे रेंगाळला की दुकानातल्या गोष्टी निघायच्या. कुणाच्या पोटाचा घेर वाढलाय आणि तो माप देताना श्वास कसा रोखून धरतो, बायकोने कशावरून अबोला धरलाय, मशीनचा पट्टा कसा सारखा निसटतो. हे सगळं मला ठाऊक असायचं, भावाला त्यातलं अक्षर माहीत नसायचं.

एकदा चेंडू माझ्या आडव्या दांडीला आपटून बाहेर गेला, तर त्याने भर मैदानात माझ्या खांबाचा मुका घेतला. मी भावाकडे मुद्दाम बघितलं. त्या दिवशी माझी छाती गजभर फुगली.

मग ती चिखलातली मॅच झाली. जिंकलो नसतो तर क्लब खालच्या गटात गेला असता, आणि बेकरीवाला म्हणालाच होता की तसं झालं तर क्लब बंद करू. आम्ही एका गोलने पुढे होतो. अगदी शेवटी एक चेंडू माझ्या उजव्या खांबालगत आला. डिंकने झेप घेतली, चेंडू बाहेर काढला आणि त्याचं डोकं माझ्यावर आदळलं. त्याला टाके पडले. माझ्या खांबाला पोचा आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला तो बेकरीच्या टोकाचा. पोस्टमन लोकांच्या खांद्यावर, मागे माझा भाऊ ऐटीत उभा.

पुढच्या आठवड्यात डिंक डोक्याला पट्टी बांधून आला. त्याने माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुला जास्त लागलं की मला?"

त्या एका वाक्यासाठी मी तो फोटो माफ केला. म्हणजे जवळजवळ माफ केला.

वर्षं गेली. पोस्टमन गुडघ्यांनी थकला, मास्तर बदलीने दुसरीकडे गेले, वेल्डरमामा गेला. डिंकने खेळणं सोडलं, पण मैदान सोडलं नाही. मुलांना झेल शिकवायचा, आणि सामन्याला दुसऱ्या हाफमध्ये पायऱ्या सोडून माझ्या जाळ्यामागे येऊन उभा राहायचा. त्याच्या बोलण्यात खंड नव्हता.

आणि मग मैदान उंच करायचं ठरलं, कारण पावसाचं पाणी तुंबून राहायचं. मातीच्या गाड्या आल्या. आम्हा दोघांना उपटून भिंतीला टेकवलं, एकमेकांना खेटून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही शेजारी आलो. मी फुगून बसलो होतो. शेवटी भावानेच तोंड उघडलं.

"तुझं बरं आहे," तो म्हणाला. "तुझ्याशी तो बोलतो तरी. माझ्याकडे सगळे बघतात, बोलत कुणी नाही."

मला अस्सा राग आला. भरल्या ताटावर बसून भूक नाही म्हणणाऱ्याचा येतो तसा.

आम्हाला पुन्हा रोवायचा दिवस आला. डिंक तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. गवंड्याने क्लबच्या चिटणिसांना विचारलं, "साहेब, यातला कुठला कुठे लावायचा?"

चिटणीस फोनवर बोलत होते. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "दोन्ही सारखेच आहेत. लाव कुठलाही कुठेही."

आणि गवंड्याने मला बेकरीकडे रोवलं.

तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं. छे. मी हरखून गेलो. नवा रंग आधी मला, नवं जाळं मला, पायऱ्यांवरची गर्दी माझ्या पाठीशी, गरम पावाचा वास माझ्या नाकाशी. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या हाफमध्ये माझ्यात दोन गोल झाले आणि लोक नाचले. आता कळेल बेट्याला, असं म्हणत मी समोरच्या टोकाला बघितलं.

तिथे डिंक काठी टेकत टेकत आला होता. गॅरेजकडे. सवयीने. त्याने भावाच्या उजव्या खांबावरून बोट फिरवलं, पोचा शोधला. पोचा नव्हताच तिथे. तो माझ्या अंगावर होता, नव्या रंगाच्या जाड थराखाली.

"बरं झालं," मागे उभ्या असलेल्या रंगाऱ्याला तो म्हणाला, "पोचा लांबी भरून बुजवलात ते. वाईट दिसत होतं." मग भावाला टेकून तो म्हणाला, "काय रे, कसा आहेस? माझा गुडघा फार ठणकतो बघ."

मैदानाच्या त्या टोकावरून ते शब्द वाऱ्यावर माझ्यापर्यंत आले. माझा अगदी तिळपापड झाला. इथे शेकडो माणसं माझ्या नावाने ओरडत होती आणि मला तिथलं ते एका म्हाताऱ्याचं पुटपुटणं हवं होतं. मी वाऱ्यात खूप कुरकुरलो. चिटणीस म्हणाले, याच्या नटाला ऑइल घाला.

पुढची सगळी वर्षं अशीच गेली. मान मला, गप्पा भावाला. पूर्वी मी त्याच्या रंगावर जळत होतो, आता त्याच्या गुजगोष्टींवर जळू लागलो. डिंकच्या मुलीचं लग्न कसं पार पडलं, दुकान कुणी चालवायला घेतलं, दिसायला कमी झाल्यावर सुईत दोरा कोण ओवून देतं, हे सगळं भावाला कळायचं. मला फक्त स्कोअर कळायचा.

काही महिन्यांपूर्वी ॲल्युमिनियमचे नवे गोलपोस्ट आले. चकचकीत, हलके, चाकांवर ढकलता येणारे. त्यांच्यावर जळायलाही मला वेळ मिळाला नाही, कारण पायऱ्यांवर कमिटीची बैठक भरली. जुन्यांपैकी एक गेटवर आठवण म्हणून उभा करायचा, दुसरा भंगारात द्यायचा. कुठला ठेवायचा यावर चर्चाच झाली नाही.

"बेकरीकडचा," चिटणीस म्हणाले. "क्लबचा पहिला गोल त्यात झालाय."

"बरोबर आहे," डिंक म्हणाला. "त्याचा मान आहे तो. पण दुसरा भंगारात नका देऊ. मला द्या."

"काका, एवढं लोखंड घेऊन काय करणार तुम्ही?"

"घराच्या मागे जागा आहे माझ्या."

"पण कशाला?"

डिंकने जरा विचार केला. "मला त्याची सवय आहे," तो म्हणाला.

मी तिथेच होतो. त्याच्यापासून चार पावलांवर. माझ्या उजव्या खांबाला पाठ टेकून तो हे बोलत होता, आणि बोट दाखवत होता समोर, भावाकडे.

भावाला टेम्पोत चढवलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तो चकार शब्द बोलला नव्हता, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

आता मी गेटवर असतो. पितळी पाटी लावली आहे माझ्यावर. 'याच गोलपोस्टमध्ये आपल्या क्लबचा पहिला गोल झाला.' लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. पाहुण्या संघांचे कॅप्टन मला हात लावून आत जातात. आयुष्यभर मागितलं ते सगळं मिळालं, आणि त्यातलं काहीच माझं नाही.

डिंक सामन्यांना येतो. गेटमधून जातो आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही. जुन्या बेकरीवाल्याचा मुलगा आता बेकरी चालवतो, त्याने डिंकला काल माझ्यासमोरच अडवलं.

"काका, काय म्हणतोय तुमचा गोलपोस्ट?"

"बायकोने दोऱ्या बांधल्यात त्याला," डिंक हसला. "कपडे वाळत घालते. चादरी, पंचे, सगळं. मी म्हटलं, अगं, निदान माझ्या पायजम्याची नाडी तरी त्याच्या तोंडावर नको लोंबवू. पण सकाळी चहा घेऊन जातो मी त्याच्यापाशी. ती म्हणते, माझ्याशी एवढं कधी बोलला नाहीत."

दोघे हसत आत गेले. मी पाटीसकट उभा राहिलो.

वाचकहो, तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर शिंप्याच्या घराची मागची बाजू सहज ओळखाल. अंगणात एवढा मोठा गोलपोस्ट दुसऱ्या कुणाकडे असणार? डिंकला सांगा, तुम्ही चुकीचा नेलात. आमच्या आईलाही आम्ही ओळखू आलो नसतो, तेव्हा त्याला दोष नाही, हेही सांगा. ही पाटी माझ्या भावाच्या हक्काची आहे, ती त्याला बहाल करा आणि त्याला इथे गेटवर उभं करा. मला तिकडे घेऊन जा. ओल्या चादरींचं मला काही वाटणार नाही.