दुसऱ्यांदा पाय उचलेपर्यंत

ऑर्विलने मिठाची बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली आणि तिच्या पुढ्यात, वीतभर अंतरावर, मोहरीच्या सॉसची पिवळी बाटली उभी केली.

"ही मिठाची म्हणजे डॅरिन," तो म्हणाला. "आणि ही पिवळी म्हणजे आपला रॉली."

"रॉली एवढा बारीक कधी होता रे?" लेस्टर म्हणाला. "त्याच्यासाठी अख्खी बरणी लागेल."

रॉली हसला. रोलंड कुबिक हे त्याचं पूर्ण नाव, पण ते आता फक्त मतपत्रिकेवर उरलं होतं. अठ्ठावीस वर्षं झाली, तो या टेबलावर कधी पिवळी बाटली होता, कधी साखरेची पुडी. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू दोन पायांमधून मागे फेकायचं काम त्याचं, आणि तो झेलून पुढे काय करायचं हे ठरवण्याचं काम डॅरिन मारेशचं. क्वार्टरबॅक होता तो. नेब्रास्काच्या या टीचभर गावातून निघालेला तसा हात पुन्हा झाला नाही. साठ यार्डांवरून चेंडू असा सोडायचा, की झेलणाऱ्याला वाटावं, कुणीतरी अलगद हातात आणून ठेवला.

बाहेर धुकं इतकं दाटलं होतं, की समोरच्या धान्याच्या कोठारांचा तळ तेवढा दिसत होता, वरचं सगळं विरघळून गेलं होतं. खिडकीपाशी बसलं की आपण कुठे आहोत हेच विसरायला होत होतं. कॅफेवाल्या वर्नाने गरम कोलाचींची, सारण भरलेल्या गोड पावांची, परात आणून ठेवली. आलुबुखाराच्या सारणाचा वास पसरला.

"शेवटचे चाळीस सेकंद," ऑर्विल म्हणाला. "चार यार्ड गेलो की जिंकलो. नव्वद हजार माणूस बोंबलतंय. आणि हा पठ्ठ्या बघतोय कुठे? उजवीकडे! आभाळात! रॉलीने चेंडू दिला, तो याच्या खांद्यावरून गेला मागे. तेव्हा कुठे साहेबांना जाग आली."

"मुलखाचा स्वप्नाळू," लेस्टर म्हणाला. "शाळेत माझ्या बसमधून यायचा. घर येऊन जायचं, हा खिडकीतच. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय."

"खांदा गेला ना त्याचा त्या चेंडूवर झेप घेताना," वर्ना म्हणाली. "सहा जण पडले होते त्याच्या अंगावर."

"खांदा बरा झाला वर्षात. मन नाही झालं. खरा मर्द असता तर उठला असता पुन्हा." ऑर्विलने मिठाची बाटली आडवी केली. थोडं मीठ सांडलं. "आणि अशा माणसाच्या हाती आपली पोरं द्यायची? मुख्य प्रशिक्षक म्हणून? उद्या ऐन वेळी हा पुन्हा आभाळात बघत बसला म्हणजे?"

आता गप्पा खऱ्या जागी आल्या. संध्याकाळी सहाला शाळा समितीची बैठक होती. पाच मतं. त्यातले दोघे कॉफीला इथे येत नसत. त्यांचं एकाचं हो होतं, एकाचं नाही. उरलेले तिघे, रॉली धरून, या टेबलावर बसले होते. ऑर्विल आणि लेस्टर दोघंही नाही म्हणणार होते. म्हणजे डॅरिनने पुढचीही वीस वर्षं शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, गवत कापायचं आणि पोरांनी विचारलंच तर कुंपणापाशी उभं राहून हात कसा फिरवायचा ते दाखवायचं.

रॉलीने कोलाचीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

त्या दिवशी कान असून नसल्यासारखे झाले होते. गोंगाट एवढा, की काही काळाने तो ऐकूच येईनासा झाला, पाण्याखाली गेल्यासारखं सगळं शांत. हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून आठवडाभर सराव केला होता. रॉलीने वाकून पायांमधून मागे बघायचं. डॅरिनने एकदा पाय उचलला म्हणजे तयार राहा. दुसऱ्यांदा उचलला म्हणजे दे. दोन वेळांच्या मधे तो उजवीकडच्या गड्याला जागा बदलायला सांगणार होता. एवढं साधं. शेंबड्या पोरालाही कळेल असं.

डॅरिनने पाय उचलला. एकदा. आणि रॉलीने चेंडू दिला.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत, हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक, डॅरिन वार्ताहरांना म्हणाला, "चूक माझी. माझं लक्ष नव्हतं." रॉलीने तोंड उघडलं, तर त्याने डोळ्यांनीच दटावलं. मग हळूच म्हणाला, "गप रे. क्वार्टरबॅकचं कामच असतं ते." त्यानंतर तो विषय दोघांत कधी निघाला नाही. रॉलीच्या लग्नात डॅरिन डाव्या हाताने ग्लास उंचावत होता, तेव्हाही नाही. लाज वाटायची. वर्षं जातील तशी ती कमी होईल असं रॉलीला वाटलं होतं, पण ती उलट मुरत गेली.

"मी आधी दिला," रॉली म्हणाला.

"काय?"

"चेंडू. तो स्वप्नात नव्हता. एकदा पाय म्हणजे थांब, दोनदा म्हणजे दे, असं ठरलं होतं. मी एकदाच पाहिलं आणि दिला. घाबरलो होतो मी. खांदा त्याचा गेला, पण घालवला मी. आणि अठ्ठावीस वर्षं इथे बसून मूग गिळून ऐकतोय."

कॉफीचं यंत्र तेवढं फुरफुरत राहिलं. वर्नाचा हात परातीवर तसाच थांबला.  रॉलीला वाटलं, आता हे लोक उठतील, खुर्च्या सरकवतील, शिव्या देतील. द्याव्यात. तेवढ्याने तरी बरं वाटेल.

ऑर्विलने हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याचे म्हातारे डोळे चक्क ओले झाले होते.

"वेड्या," तो म्हणाला. "अरे, ती फिल्म मी शंभर वेळा बघितलीय."

"फिल्ममध्ये ते कसं दिसेल? आमच्या दोघांतलं होतं ते."

"असू दे, असू दे. दोस्तासाठी एवढं करतोस. या वयात स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोस."

"मी खरं सांगतोय, ऑर्विल!"

"हो, बाबा, खरं." लेस्टरने नाक शिंकरलं. "माझ्यासाठी कुणी एवढी मोठी थाप मारली नाही जन्मात. बायकोनेसुद्धा नाही."

"ऐका तरी—"

"ऐकलं." ऑर्विलने आडवी बाटली उचलून सरळ उभी केली आणि सांडलेलं मीठ तळहाताने गोळा केलं. "ज्याचा गडी अठ्ठावीस वर्षांनीही त्याच्या पुढे उभा राहतो, त्याच्यात काहीतरी असणार. पोरांना एवढं शिकवलं तरी पुष्कळ. माझं मत त्याला. लेस्टर?"

"माझंही. आता तो कोलाची खा, रॉली. गार झाला."

 वर्नाने रॉलीच्या कपात कॉफी ओतली, काठोकाठ.

रॉली शाळेच्या मैदानावर गेला, तिथे धुकं आणखी दाट होतं. गोलचे खांब कुठे संपतात तेही दिसत नव्हतं. चुन्याच्या गाड्याची कुरकुर आधी आली, मग तिच्यामागून डॅरिन आला. बूट पांढरे, केस पांढरे, आणि मागे ओली पांढरी रेघ, जणू तिच्यावरूनच तो कुठून तरी लांबून चालत आला होता.

"आज समितीतल्यांना भलता लवकर वेळ मिळाला," तो म्हणाला.

"तुझं काम होणार. पाचातली चार मतं आहेत."

डॅरिनने गाडा थांबवला. बराच वेळ त्याने हातमोजा काढायचा प्रयत्न केला. निघेना. "ऑर्विलसुद्धा?"

"मी त्यांना सांगितलं. एकदा पाय, दोनदा पाय. सगळं."

डॅरिनने मान वर केली. "मग?"

"म्हणाले, थापाड्या आहेस."

 डॅरिन हसायला लागला, इतका, की गाड्याचा दांडा धरावा लागला त्याला. रॉलीला हसू येईना. त्याचे डोळे भरून आले.

"माफ कर रे," तो म्हणाला. "तू तरी विश्वास ठेव."

डॅरिनचं हसू हळूहळू विरलं. तो कुंपणापाशी गेला, पोरांनी विसरलेला एक भिजका चेंडू घेऊन आला आणि रॉलीच्या पुढ्यात गवतावर ठेवला. मग पाच-सात पावलं मागे धुक्यात जाऊन उभा राहिला.

रॉलीचे गुडघे कुरकुरले. तो वाकला, चेंडूवर पंजा ठेवला आणि पायांमधून मागे पाहिलं. जग उलटं झालं. वर गवत, खाली धुकं, आणि त्यात लटकलेले दोन पांढरे बूट.

एक बूट उचलला गेला. मग खाली टेकला.

रॉलीच्या कानांत ते नव्वद हजार एकदम गर्जले. बोटं चेंडूवर आवळली गेली. तो थांबला. धुकं मानेवरून गार ओघळत होतं. तो थांबून राहिला.

बूट पुन्हा उचलला गेला.