पर्ल अडखळली नव्हती

मित्रांनो, शनिवारी सकाळी अंगणात घरघर करत गवत कापणारा मोअर तुम्ही पाहिलाच असेल. मी त्याचा फार जुना भाऊबंद. मला पेट्रोल लागत नाही, बॅटरी लागत नाही. मला दोन घोडे लागतात. ते चालू लागले की माझी लोखंडी चाकं फिरतात आणि बाजूला जमिनीलगत पसरलेलं माझं लांब, दातेरी पातं करवतीसारखं मागेपुढे सरकत गवत कापतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, नोव्हाय शहरापासून तासाभराच्या वाटेवर, लोइसआजींच्या शेतावरच्या कोठारात माझा मुक्काम असतो.

आजींच्या सासऱ्यांनी मला आणलं तेव्हा मी लालभडक होतो आणि तोऱ्यातही होतो. उन्हाळा आला की सगळं शेत माझी वाट पाही. शेजारचे लोक कुंपणाला टेकून माझं काम बघत, आणि मी मुद्दामच जास्त खडखडाट करत असे. खोटं कशाला सांगू!

माझ्या अंगातली एक गोष्ट मात्र तुम्हाला नीट सांगायला हवी. मी सगळा लोखंडाचा, पण चाकांची गती पात्यापर्यंत पोचवते ती एक साधी लाकडी काठी. गवतात दडलेली तार किंवा दगड पात्यात अडकला की ती काठी कडकन मोडते. पातं थांबतं आणि बाकी सगळं सहीसलामत राहतं. घोड्यांना धक्कासुद्धा जाणवत नाही. मालक दोन शिव्या हासडतो, भिंतीवरची दुसरी काठी बसवतो आणि पुन्हा कामाला लागतो. मला मात्र त्या काठीची लाज वाटायची. इतक्या दणकट देहात ही काडी कशाला, असं मनात येई.

पुढे ट्रॅक्टर आले. मला कोठारामागे ढकलून दिलं. पावसाने रंग गेला, बर्फाने सांधे धरले आणि माझ्या चाकाच्या आऱ्यांमधून मेपलचं एक रोप बिनदिक्कत वर आलं. कुणी माझ्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. वाईट वाटायचं, पण तेव्हा निदान मन स्वच्छ होतं.

मग एके दिवशी मक्याची कणसं घ्यायला गुरुनाथ आणि मीनाक्षी आले. दोघं नवरा-बायको नागपूरचे, राहायला नोव्हायला. गुरुनाथ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कुठला भाग कधी तुटेल हे शोधायचं आणि तो तुटणारच नाही असा करायचा, हेच त्याचं रोजचं काम. मला बघून तो कणसं विसरला.

"हा स्टार्ट कसा करायचा?" त्याने विचारलं.

"दोन गाजरं दाखवायची," आजी म्हणाल्या आणि त्यांनी कुरणाकडे बोट केलं. तिथे त्यांच्या दोन उतारवयाच्या घोड्या चरत होत्या, पर्ल आणि डॉली. भोपळ्यांच्या हंगामात शेतावर येणाऱ्या मुलांना गाडीतून फिरवून आणायचं काम त्यांचं.

त्यानंतर गुरुनाथ दर शनिवारी येऊ लागला. त्याने मेपल कापलं, गंज खरवडला, आतली दातेरी चक्रं तेलात भिजवली, मला पुन्हा लाल रंग दिला. आजींनी त्याला लगाम धरायला शिकवलं. पर्ल तर त्याच्या खिशात नाक खुपसायला शिकली. माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं, म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

एकदा त्याची नजर भिंतीवर टांगलेल्या काठ्यांकडे गेली.

"एवढे स्पेअर्स?" तो मीनाक्षीला म्हणाला. "म्हणजे हा पार्ट सारखा फेल होतो. डिझाइनच वीक आहे, यार. मी स्टीलचा बनवतो."

"अरे, आजींना विचार तरी."

"सरप्राइज देऊ ना!"

त्याने पोलादाची काठी घडवली आणि माझ्या अंगात बसवली. मी मनातून खूश झालो. आता मी कुठेच कच्चा नव्हतो.

जूनमध्ये पहिली कापणी निघाली. गुरुनाथ माझ्यावर बसला होता. आजी गुडघेदुखीमुळे शेताच्या पार टोकाला खुर्ची टाकून बघत होत्या. गवत सपासप पडत होतं. इतक्यात जुन्या कुंपणाची तार माझ्या दात्यांत शिरली. पातं जागच्या जागी गच्च झालं. लाकूड असतं तर मोडलं असतं. पोलाद मोडलं नाही. चक्रं अडकली, चाकं अडकली आणि तो सगळा हिसका घोड्यांच्या खांद्यांवर गेला. डॉली कशीबशी सावरली. पर्ल गुडघ्यांवर कोसळली.

गुरुनाथने उडी मारली. त्याने तार पाहिली, पोलादी काठी पाहिली आणि त्याला सगळं समजलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तार ओढून काढली आणि चरात भिरकावली. तोवर आजी लंगडत, धापा टाकत पोचल्या.

"अडखळली का ही?" त्यांनी विचारलं.

"हो... बहुतेक," तो म्हणाला.

मित्रांनो, एवढंच. दोन शब्द. आणि मी तिथेच उभा होतो, पात्यावर ताजा ओरखडा घेऊन.

पर्लचा खांदा सुजला. डॉक्टर आले, औषधं झाली आणि हळूहळू ती बरी झाली. पण आजींच्या मनातून ती उतरली. सपाट जमिनीवर अडखळणाऱ्या घोडीच्या गाडीत लोकांची मुलं कशी बसवायची? "काय गं तुझं हे, नीट चालता येत नाही?" असं त्या तिला जाता-येता बोलू लागल्या. शेवटी त्यांनी ठरवलं की हिवाळ्याआधी तिला लिलावात पाठवायचं. लिलावातून म्हाताऱ्या घोड्या कुठे जातात, ते शेतावर कुणी मोठ्याने बोलत नाही. गुरुनाथलाही ते माहीत होतं. त्याचं येणं कमी झालं. आला तरी माझ्याकडे बघायचा नाही.

खंडेनवमीला मात्र मीनाक्षीने त्याला ओढूनच आणलं. माझी पूजा करायची, असं उन्हाळ्याआधीच ठरलं होतं. तिने हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि पेढे आणले होते.

"आज आमच्याकडे हत्यारांना आणि यंत्रांना सुट्टी असते," तिने आजींना सांगितलं. "वर्षभर राबतात, म्हणून त्यांना पुसायचं, फुलं वाहायची आणि नमस्कार करायचा."

"छान आहे," आजी म्हणाल्या. "पर्ललाही एक पेढा द्या. उद्या सकाळी तिला न्यायला ट्रेलर येतोय."

गुरुनाथचं कुंकवाचं बोट माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. मला ओरडावंसं वाटलं, पुसून टाक रे ते कुंकू, मला नको! पण लोखंडाला ओरडता येत नाही.

मीनाक्षीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती हळूच मराठीत म्हणाली, "गुरू, पर्ल खरंच अडखळली होती?"

बोट पुसून तो आजींकडे वळला.

"पर्ल अडखळली नव्हती," तो म्हणाला. "तार अडकली होती. लाकडाची काठी काढून मी स्टीलची बसवली होती. ती मोडली नाही म्हणून पर्ल पडली. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

आजींनी वाकून माझ्या काठीला हात लावला. त्या रागावतील असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे भरून आले.

"चूक झाली ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण सगळा उन्हाळा मी त्या बिचारीला बोल लावत होते. ते तू ऐकत होतास."

"सॉरी, आजी..." तो पुढे म्हणाला, "मी आधी पर्लकडे जाऊ?"

"नाही. आधी मी जाते. माझं तिच्याशी काम आहे."

त्यांनी ट्रेलरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि त्या कुरणाकडे गेल्या. त्या बराच वेळ पर्लच्या मानेला मिठी मारून उभ्या होत्या.

गुरुनाथने त्याच दिवशी पोलाद काढून लाकूड बसवलं, सुट्टीचा दिवस असूनही. आता कापणीआधी तो सगळं शेत पायी तुडवून तारा शोधतो. आजी त्याच्याशी बोलतात, हसतातही. मला डॉली आणि शेजारचा एक घोडा ओढतात. पर्ल पुन्हा मुलांच्या गाडीला जुंपली जाते आणि एकदाही अडखळत नाही. पण मला कोठारातून बाहेर काढलं की ती कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून उभी राहते. तिची समजूत मी कशी घालू?

मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल द्या, गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. मला बोलता येत नाही. पर्ललाही येत नाही. आम्हा सगळ्यांत बोलता येतं ते फक्त तुम्हाला. तेव्हा आमच्याबद्दल कुणी विचारलं, तर खरं ते लगेच सांगा.