तांबड्याला झाकलं ती मी

मित्रांनो, मी डालगी. जुनी आहे, दोन ठिकाणी तारेनं बांधलेली आहे, पण मला मोडकी म्हणाल तर याद राखा. बांबूच्या कामट्यांची विणलेली मी मोठी टोपली. मला पालथी घालून कोंबड्या झाकतात. त्यामुळे माझं तोंड जन्मभर मातीत, आणि जग मी पाहिलं ते कामट्यांच्या फटींतून.

मुरुडच्या बाजारात एका बुरूडणीनं मला विणलं. पारूबाईनं मला उचललं, गुडघ्यानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "टिकंल का गं ही? का माझ्याआधी मरंल?"

"मावशी, तू हिच्यावर बसलीस तरी मोडायची न्हाई," बुरूडीण म्हणाली.

पारूबाईला अशी उत्तरं आवडतात. जीपच्या टपावर बांधून तिनं मला गावी आणलं.

मी सुखाचे दिवसही पाहिले. खुडूक कोंबडीची पिलं निघाली की ती आधी माझ्याखाली यायची. वर घार घिरट्या घालायची, भिंतीवर मांजर टपून बसायचं, आणि आत बारा पिलं माझ्या आधारानं ज्वारीच्या कण्या टिपायची. पिलं मोठी झाली की त्यांतलीच एखादी एके दिवशी पुन्हा माझ्याखाली यायची, ती मात्र शेवटची. पारूबाई कोंबडी उगवतीला कापायची, ऊन चढायच्या आत. पाणी कढत करायची, पण उकळू द्यायची नाही. उकळत्यात बुडवलं की पिसांबरोबर कातडी निघते. मग तुराट्यांच्या जाळावर भाजून हळद चोळायची. पथरीसाठी, कोंबडीच्या पोटातल्या त्या चिवट तुकड्यासाठी, पोरं भांडायची. तिच्या हातच्या रश्श्याचं नाव तीन गावांत होतं, आणि त्याचा तिला ताठा होता. असू दे. मलाही होता.

तिचा एक नेम होता. आपोआप मेलेलं कोंबडं तिच्या चुलीवर चढत नसे. मेलेल्या जनावराचं मांस खाणं तिच्या सासऱ्यानं माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी सोडलं होतं, आणि सुनेला, मनिषाला, तिनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ते सांगून ठेवलं होतं.

आता जे सांगते ते सांगताना माझ्या कामट्या आवळतात.

पारूबाईचा धाकटा भाऊ नरसिंग भोकरला राहतो. सहा वर्षांपूर्वी तो बहिणीकडे जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, "अक्का, ही तर बॉयलर हाय की गं! गावरान म्हणून मला फसवायली व्हय?" घरात पाळलेल्या कोंबडीला त्यानं दुकानातली म्हटलं! पारूबाईनं त्याच्यापुढचं ताट उचललं. त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद.

यंदा वैशाखात नरसिंगचा फोन आला. पोरीच्या लग्नाचं आवतण घेऊन येतो, म्हणाला. पारूबाईनं फोन ठेवला आणि थेट तांबड्याकडे बोट केलं. तांबडा म्हणजे दहा महिन्यांचा कोंबडा, मानेवर तांब्याची झळाळी. माझ्याच पोटाखाली वाढलेला. लहानपणी घार दिसली की आईकडे न जाता माझ्याकडे पळायचा.

"ह्या बारीला आधी कापायचा न्हाई," पारूबाई म्हणाली. "जित्ता दाखवीन त्याला. पाय बघ म्हणावं, नखी बघ म्हणावं. मग त्याच्या डोळ्यादेखत कापीन."

नरसिंग सकाळी आठाला येणार होता. सातालाच तिनं तांबड्याला भिंतीच्या सावलीत माझ्याखाली झाकलं. वर दगड ठेवला. अंधारात कोंबडं गप राहतं म्हणून पोतंही टाकलं.

मनिषा करवंटी घेऊन आली. "आत्याबाई, पाणी ठेवू का आत?"

"कापायच्या कोंबड्याचं पोट रिकामं लागतंय. तुझ्या मायनं एवढं बी शिकवलं न्हाई?"

"दाण्याचं म्हणत्यात तसं. पाणी तर..."

"मला शिकवू नगंस. खोबरं भाज जा."

करवंटी परत गेली.

आठ वाजले, नऊ वाजले. नरसिंगचा फोन आला की तो मुरुडात जीपमध्ये बसला आहे, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही. पारूबाई दारात उभी राहून रस्ता बघत राहिली. इकडे भिंतीची सावली वीतवीत सरकत होती. दहाला ती माझ्या काठावर होती. अकराला ती भिंतीच्या पायाशी गेली आणि मी उघड्या उन्हात राहिले.

पोतं तापलं. मी तापले. तांबड्यानं पंख अंगापासून लांब धरले, चोच उघडली. वारा येईल म्हणून त्यानं माझी एकेक फट चोचीनं चाचपली. सगळ्या फटींवर पोतं होतं. मग तो माझ्या अंगावर धडका देऊ लागला. किती मजबूत विणलं होतं मला त्या बुरूडणीनं! एक कामटी तुटली असती तर? तुटली नाही. धडका मंदावल्या. लहानपणी टेकायचा तसा तो मला टेकून बसला, आणि तसाच कलंडला.

साडेअकराला मनिषा ओरडत आली, "मामा फाट्यावर उतरले!" पारूबाईनं पोतं काढलं, दगड ढकलला, मला उलटलं. आणि तिथेच खाली बसली.

मनिषानं हात लावून पाहिला. हलकेच म्हणाली, "आत्याबाई, आंग गरम हाय अजून. सुरी फिरवते. मामाला काय कळतंय?"

खरंच कळलं नसतं. हळद, काळं तिखट, वर तर्री. पारूबाईचं नाव राहिलं असतं. ती मेलेल्या कोंबड्याकडे बघत राहिली. 

"सुरी ठेव," ती म्हणाली. "सासऱ्यानं सोडलं ते मी ताटात वाढू व्हय? ते बी माझ्या नाकासाठी?"

दारातून आवाज आला, "जय भीम, अक्का."

"जय भीम. ये." तिनं तांबड्याला दोन्ही हातांवर धरून पुढं केलं. "तुझ्यासाठी ठिवला हुता, दाखवायला. उन्हात झाकला, पाणी दिलं न्हाई. ही सून म्हणत हुती, तिला बी गप केलं. मी मारला."

नरसिंगनं पिशवी खाली ठेवली. कोंबड्याचे पाय पाहिले नाहीत, नखीही पाहिली नाही.

"कुदळ कुठंय?" त्यानं विचारलं.

परसात त्यानं खड्डा खणला. माती लोटता लोटता, वर न बघता म्हणाला, "तवाची बी गावरानच हुती, अक्का. मी मस्करी केली. तू ताट उचललंस, मग मला बी हट्ट चढला."

"मस्करीला तोंड हुतं तुला, आन् हे सांगायला सहा वर्षं लागली? मुडद्या!" पारूबाई म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. त्या दिवशी त्या घरात पिठलं-भाकर शिजली. नरसिंगनं दोनदा मागून खाल्लं.

मला मात्र तिनं शेळ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर फेकलं. दोष कोणाचा आणि हाल कोणाचे! दोन महिने मी तिथे पडून होते. मग कोंबडीनं पिलं काढली, तेव्हा मनिषानं मला खाली उतरवलं. पारूबाई पाण्यानं भरलेली करवंटी घेऊन आली, स्वतः वाकून तिनं ती माझ्याखाली सरकवली.  

मित्रांनो, तुम्ही कोंबडी पाळा, कापा, खुशाल खा. मी कोण तुम्हाला अडवणार? पण जे उद्या कापायचं आहे, त्याला आजची सावली द्या, आजचं पाणी द्या. काही झाकलंत तर मधूनमधून येऊन वाकून बघा. मला आतली तडफड कळते, पण मला माझं मी उलटता येत नाही. तो हात तुमचा आहे.