तामायोसानच्या दारावरची पाटी

आमच्या चढाला एकशे त्रेचाळीस पायऱ्या. खाली बसचा रस्ता, वर देऊळ, मध्ये आमची एकोणीस घरं. त्यातली सात बंद. उरलेल्यांत सगळ्यात तरुण ओगातासान, वय एकाहत्तर. नागासाकीत असे चढ पुष्कळ आहेत, पण इतकी तोंडाळ माणसं दुसऱ्या कुठल्या चढावर नसतील.

मी मित्सुए. चाळीस वर्षं मासळीबाजारात ओरडले, त्यामुळे माझा आवाज बसस्टॉपपर्यंत जातो. गेल्या वर्षी गल्लीची प्रमुख मी होते. म्हणजे जी चूक झाली, तीही माझीच.

आमच्याकडे तळहाताएवढी एक लाकडी पाटी असते. दर आठवड्याला ती एका दारावरून पुढच्या दारावर जाते. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं सोमवारी आणि गुरुवारी कचऱ्याच्या पिशव्यांवर निळी जाळी पसरायची, नाहीतर कावळे धुडगूस घालतात. कचरेवाले येऊन गेले की जाळीची घडी करायची, जागा झाडायची. पाहुणे असोत की पाऊस, पाटी कुणाला चुकत नाही.

नोव्हेंबरात तामायोसानचे यजमान गेले. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, अठ्ठ्याहत्तरच्या. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेला; एका वेळी तीनशे पोरांचा भात शिजवणारी बाई. मीच सगळ्यांना सांगितलं, "सुतकाचे एकोणपन्नास दिवस होईपर्यंत पाटी त्यांच्या दारावर नको. बिचारीला जरा स्वस्थ बसू द्या." एकोणपन्नास दिवस झाले, तरी पाटी परत लावायचं कुणाच्या जिवावर येईना. उलट आमच्या दयेला ऊत आला. ओगातासान त्यांचा कचरा खाली नेऊ लागले. मी भाजी, टोफू, मासे घरपोच करू लागले. रोज सकाळी रेडिओवरच्या कवायतीला आम्ही देवळापुढे जमतो, तिथंही त्यांना हाक मारायची नाही असं ठरलं. थंडी आहे, एकटं माणूस, कशाला उगाच! मी तर स्वतःवर बेहद्द खूश होते.

मार्चमध्ये एक दिवस त्यांच्या घरात शिरले तर दुपारी एकला पडदे बंद. दोन दिवसांपूर्वी दिलेला मासा कागदातच पडलेला.

"जेवलात का?"

"भूक कुठाय?"

"निदान आंघोळ तरी?"

"कुणासाठी?" रागानं नाही, नुसतंच म्हणाल्या.

त्यांचा मुलगा शुजी फुकुओकात असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी आईला घेऊन जातो. इथल्या वृद्धाश्रमात जागा मिळालीय. लिफ्ट आहे, एकही पायरी नाही." तामायोसाननी ऐकलं आणि मान हलवली. कुठंही नेलं तरी त्यांना सारखंच होतं, आणि मला त्याचीच धास्ती बसली. तिकडे गेल्या तर त्या उन्हाळा बघायच्या नाहीत, याची मला खात्री होती.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण अगदी कोवळी पोर. डिप्रेशन आहे म्हणाली, गोळ्या लिहून दिल्या. मग विचारलं, "दिवसाकाठी किती चालतात?"

"अजिबात नाही!" मी छाती काढून सांगितलं. "आम्ही शेजारी आहोत ना. दाराबाहेर पाऊल टाकावं लागत नाही त्यांना."

तिनं पेन खाली ठेवलं. "मग आजी, त्यांनी सकाळी उठायचं कशासाठी?"

फाडकन मुस्काटात बसली.

रविवारी संध्याकाळी मी पाटी त्यांच्या दारावर अडकवली, "उद्या सोमवार आहे हो!" असं ओरडले आणि मागं न बघता घरी आले.

सोमवारी जाळी पसरायला कुणी आलं नाही. कावळ्यांनी माशांची डोकी, चहाचा चोथा, संत्र्यांची सालं पायऱ्यापायऱ्यांवर नेऊन टाकली. ओगातासान झाडू घेऊन धावले. मी आडवी उभी राहिले.

"हात लावाल तर खबरदार!"

"अहो, वास मारतोय! सकाळी सकाळी डोकं फिरलंय का तुमचं?"

"मारू दे वास. पाटी त्यांच्या दारावर आहे."

"ती बाई आजारी आहे!"

"म्हणूनच!"

तोंडानं बोलले खरी, पण आतून माझी पाचावर धारण बसली होती. दुखणाईत माणसाला मी छळतेय की काय? नऊ वाजले, दहा वाजले.

साडेदहाला दार सरकलं. अंगात यजमानांचा जाड कोट, केस पिंजारलेले, हातात झाडू. कठडा धरत तामायोसान एकतीस पायऱ्या उतरल्या.

"पाटी लावून मजा बघतेस होय गं?"

"हो."

"निर्लज्ज कुठली! आणि ही डोकी अशी उघड्यावर टाकतात? मासे विकायचीस ना तू? लाज वाटत नाही?"

चार महिन्यांत त्या इतके शब्द एका दमात बोलल्या नव्हत्या. मी खुशीत शिव्या खात उभी राहिले. झाडायला त्यांना पाऊण तास लागला. ओगातासानना मी झाडूला हात लावू दिला नाही. वर जाताना त्या तीनदा बसल्या.

मंगळवारी त्या उठल्या नाहीत. गुरुवारी जाळी वेळेवर पडली. पुढच्या आठवड्यात पाटी माझ्याकडे आली, तर माझी जाळी वाकडी आहे हे सांगायला त्या मुद्दाम खाली उतरल्या. मग कवायतीला आल्या. हात खांद्याच्या वर जाईनात, तरी शेवटपर्यंत थांबल्या. गोळ्याही घेत होत्या. एखादा दिवस पडदे बंदच राहायचे. मी दार ठोठावायची, कधी उघडायचं, कधी नाही. जादूबिदू काही झाली नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी शुजी आला आणि अर्ध्या चढावर धापा टाकत बसला. आम्ही दोघी उतरून त्याच्यापाशी गेलो.

"आई, तू इथवर उतरलीस?"

"बावन्नाव्या वर्षी ही दशा? पोट बघ केवढं सुटलंय! तुलाच ठेव त्या आश्रमात. मी नाही येणार."

"आणि हिवाळ्यात काय करशील?"

"हिवाळ्यात थंडी वाजेल. दुसरं काय होणार?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जन्मात पहिल्यांदा मध्ये बोलले नाही. मग "बरं बाई, मी चहा ठेवतो," म्हणत आईकडून किल्ली घेऊन तो एकटाच घराकडे गेला. आम्ही पायरीवर बसलो.

"तामायोसान," मी म्हटलं, "नोव्हेंबरात तुमच्या दारावर पाटी लावू नका, असं मीच सांगितलं होतं. दया आली म्हणून."



"मी रोज सकाळी दार उघडून बघायचे," त्या म्हणाल्या. "पाटी आज ना उद्या येईल असं वाटायचं. मग एकदा बघितलं, ती मला वगळून पुढच्या दारावर गेली होती. वाटलं, हे गेले त्याच दिवशी तुम्ही माझंही नाव खोडलंत. त्यानंतर दार उघडलंच नाही."

मी तिथंच पायरीवर भोकाड पसरलं. बसस्टॉपवरची माणसं वर बघायला लागली.

"पुरे आता," तामायोसान म्हणाल्या. "शुजीला चहाचा डबा सापडायचा नाही." आणि माझा दंड धरून मला ओढत वर घेऊन गेल्या.