ड तुकडीचं श्रमदान

शहराच्या मधोमध असलेल्या त्या सरकारी हायस्कुलात सगळ्यांची मुलं यायची. दुकानदारांची, कारकुनांची, ड्रायव्हरांची, गटारं उपसणाऱ्यांची. फाटकातून एकत्र शिरत. पुढे तुकड्या त्यांची गाळणी करत. दुकानदार-कारकून 'अ'त, नाल्यापलीकडची वस्ती 'ड'त. तुकड्या म्हणे गुणांवर पडतात! शाळेत पाऊल टाकल्याच्या दिवशीच कुठले गुण?

गणिताच्या बाई बदली होऊन नव्याच आल्या होत्या. ड मधली एक मुलगी वार्षिक परीक्षेत अख्ख्या शाळेत पहिली आली, तेव्हा भांडून त्यांनी तिला नववी अ मध्ये बसवलं. बाप गटारात उतरणारा. तिच्या तोंडाची टकळी थांबायची नाही, म्हणून पोरं तिला रेडिओ म्हणत.

त्या शनिवारी फळ्यावर त्रिकोण काढून होतोय तोच शिपाई दारात आला.

"बाई, सोमवारी पाहुणे यायचेत. श्रमदानाला रेडिओला धाडा."

"एकटीलाच?"

शिपायानं अंगणाकडे बोट दाखवलं. बाईंनी खिडकीतून पाहिलं. मुतारीपाशी ड ची पोरं उघड्या हातांत झाडू धरून घाण लोटत होती. एक पोर भिंतीला धरून ओकत होतं.

एवढ्यात मुख्याध्यापक स्वतःच आले. "अहो, त्यांना सवय असते. तुमची अ ची मुलं ओकतील तिथं."

"तिथंही ओकतंयच की एक पोर!"

रेडिओ उठून उभी राहिली. "सर, सगळा वर्ग येत असेल तर पहिली बादली मी उचलते. एकटी नाही येणार."

"बाप रोज उतरतो. तुला कसली लाज?"

"बाबा उतरतात म्हणूनच नाही येणार. घरी आल्यावर त्यांना घास जात नाही, सर. ताट तसंच सरकवतात."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या मुलीनं दप्तर हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. मुतारीच्या वासापेक्षाही बाईंना त्या हसण्याची शिसारी आली. त्या तडक अंगणात गेल्या, पोरांच्या हातातले झाडू काढून घेतले, नळावर सगळ्यांचे हात धुवून घेतले आणि त्यांना वर्गात नेऊन बसवलं.

सोमवारी घाण झाकायला संडास-मुताऱ्यांना कुलपं लागली. आमची शाळा म्हणजे एक कुटुंब, असं मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना हसतमुखानं सांगितलं. संध्याकाळी रेडिओची उद्धटपणाबद्दल पुन्हा ड मध्ये रवानगी झाली. अ मधल्या एका आईनं तर बाईंना गाठून सांगितलं, "बरं झालं बाई. आमचीला तिच्या शेजारी बसवतच नव्हतं."

बाईंनी अ तुकडी सोडली, ड मागून घेतली. वस्तीत घरोघर फिरल्या. पुढच्या शनिवारी आईबाप फाटकात येऊन उभे राहिले. एकाही पोराच्या हातात झाडू गेला नाही.

मुख्याध्यापकांनी मग पैसे मोजून माणूस बोलावला. संडासाच्या तुंबलेल्या टाकीचं झाकण सरकवून तो उघड्या अंगानं काठावर बसला होता. रेडिओचा बाप.

"काय बाई, झालं ना मनासारखं?" नाकावरचा रुमाल न काढता मुख्याध्यापक म्हणाले. "आता मुलं नाहीत."

बाई बापापाशी गेल्या. "दादा, उठा तिथून." मग वळून म्हणाल्या, "मशीन मागवा, सर. नाहीतर पदर खोचून मी उतरते, मागोमाग तुम्ही या. बघू तरी, सवय कशी होते ती."