हसण्याची तालीम

जुनवानीतल्या आमच्या शाळेत मे महिन्याच्या सुट्टीत सिनेमाचं शूटिंग झालं. मी तिथे गणित शिकवते. खाजगी शाळेतली पोरं म्हणजे लांबलचक गाडीतून उतरणार, ब्लेझर घालणार आणि गरिबाला हसणार, हे दिग्दर्शक घरूनच ठरवून आला होता. आमची पोरं आईबापाच्या स्कूटरवर मागे बसून येतात. चव्वेचाळीस डिग्रीत त्यांच्या अंगावर ब्लेझर चढले. आम्ही शिक्षक मंडळी हुरळून गप्प बसलो.

सीन साधा होता. आया भरलेली बादली घेऊन व्हरांड्यात घसरून पडते आणि मुलं खदाखदा हसतात. आयाचं काम आमच्या सिंधुताईंनाच मिळालं. पंधरा वर्षं त्या शाळेत आयाच आहेत. हसणाऱ्या मुलांत त्यांची आठवीतली लेक नीतू होती, हे शूटिंगवाल्यांना ठाऊक नव्हतं. जी छान हसेल तिला सगळ्यांत पुढे उभं करणार, असं दिग्दर्शक म्हणाला होता. लेकीचा चेहरा पडद्यावर दिसावा म्हणून सिंधुताईंचा जीव टांगणीला लागला होता.

आदल्या संध्याकाळी मी नीतूचा ब्लेझर द्यायला त्यांच्या घरी गेले, तर सिंधुताई रिकामी बादली घेऊन खोलीत पुन्हा पुन्हा पडत होत्या.

"हास नं वं! मी पडून राहिली अन् तू तोंड पाडून राहिली!"

"मले नाही जमत, आई."

"कावून नाही जमत? पिक्चरमधल्या बाईले हास, मले नको हासू."

मला संताप आला. तरी मी ब्लेझर देऊन निघून आले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन टेकला पोरं हसायचं सोडून सिंधुताईंना उचलायला धावली. दिग्दर्शक वैतागला. तिसऱ्या वेळी नीतू हसली, आणि तिचं बघून बाकीचीही हसली. दिग्दर्शकाने हाताला धरून तिला पुढे आणलं. पुढच्या टेकला ओल्या फरशीवर बसलेल्या सिंधुताईंचा चेहरा कौतुकाने फुलून आला.

"अम्मा, बेइज्जती हुई है आपकी! मुस्कुरा क्यों रही हो?" दिग्दर्शक ओरडला.

किती समजावलं तरी त्यांना रडू येईना. शेवटी त्यांना पाठमोरं बसवून सीन उरकला.

सिनेमा आला तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवला. पडद्यावर सिंधुताईंची पाठ होती आणि समोर नीतूचा भलामोठा चेहरा. "माही पोरगी हाये," सिंधुताई शेजारच्या बाईंना सांगत होत्या. नीतू उठून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले आणि तिची समजूत घालायला म्हणाले, "अगं, ती तर अ‍ॅक्टिंग होती."

"नाही मॅडम," ती म्हणाली, "मले खरंच हासू आलं होतं."