साहेबांसाठी सोबत

बटणं, झिपा, दोरे आणि अस्तरं विकणाऱ्या मावशींना गल्लीतले सगळे शिंपी मानत, ते त्यांच्या नजरेसाठी. कुणी कापडाचा बोटभर तुकडा पुढे केला, की त्या मागे वळून शेकडो रिळांतून नेमकं एकच रीळ काढत आणि तुकड्यावर एक टाका घालून दाखवत. दोरा कापडात दिसेनासा व्हायचा. "सापडला तर सांगा," असं त्या म्हणत. तीस वर्षांत तो कुणाला सापडला नव्हता.

म्हणून भाचीचा मासा त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याला सोबत शोधणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असंच त्यांना वाटलं.

भाचीला दोन वर्षांसाठी परगावी नोकरी लागली होती. जाण्याआधी तिनं दोन फूट लांबीची काचेची टाकी, फिल्टर, हीटर, खाद्याची बाटली आणि एकुलता एक फायटर मासा मावशींच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. या जातीला बेटा असंही म्हणतात. हा गडद निळा होता, आणि त्याच्या पिसाऱ्यासारख्या शेपटीला लाल कड होती. भाची त्याला साहेब म्हणायची, कारण खोलीत कुणी आलं की तो आधी पाठ फिरवायचा आणि मग सवडीनं वळून बघायचा.

"नाव बेटा आणि वागणं सासऱ्याचं," पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या. पण चार दिवसांत त्यांचा जीव त्याच्यात गुंतला. एवढ्या मोठ्या टाकीत तो एकटाच या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतोय, हे त्यांना बघवेना.

"अहो, किती कंटाळत असेल हा!"

त्यांच्या यजमानांचं उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. आता ते निवृत्त होते आणि घरातली प्रत्येक कडी, बिजागरी दर आठवड्याला तपासत. "सवय असेल त्याला," ते म्हणाले.

"सवय असणं वेगळं आणि आवडणं वेगळं."

भाचीनं फोनवर बजावलं, "मावशी, सोबत चालते काहींची, पण वाट्टेल ते मासे आणू नकोस हं. दुकानात नीट विचारून घे."

"मी विचारू? अगं, लोक मला विचारायला येतात!"

सुट्टीच्या दिवशी त्या दोन गल्ल्या ओलांडून माशांच्या दुकानात गेल्या. पन्नाशीचे, किडकिडीत अंगाचे दुकानदार सगळ्यांना मासेवाले म्हणूनच माहीत होते. 'इथले मासे खायचे नाहीत' अशी पाटी त्यांना दारावर लावावी लागली होती. ते मावशींना टाकी केवढी, फायटर किती चिडका वगैरे विचारत होते, पण मावशींचं लक्ष केव्हाच एका टाकीवर खिळलं होतं. तिथे गप्पी मासे होते. निळे, आणि शेपटीला लाल कड! कापडाच्या एकाच ताग्यातून काढावेत तसे.

"हेच द्या. सहा."

"मावशी, भडक रंगाचे आणि झुलत्या शेपटीचे मासे फायटरजवळ ठेवत नाहीत. दुसरा फायटर घरात घुसला असं वाटतं त्याला."

"अहो, पण बघा तरी किती जुळतायत!"

मासेवाल्यांनी पुढे वाद घातला नाही. "तीनच न्या. आणि पिशवी फेकू नका, लागेल," एवढंच म्हणाले. हे बोलणं मावशींना झोंबलं.

घरी त्यांनी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग गप्पी आत सोडले. साहेबांनी पाठ फिरवली, सवडीनं वळून पाहिलं आणि दोन्ही कल्ले छत्रीसारखे उघडले. पुढचं इतक्या झटपट झालं की मावशींच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. एका गप्पीच्या शेपटीचा लचका गेला, दुसरा फिल्टरमागे दडला आणि तिसरा टाकीभर जीव घेऊन पळत सुटला.

"अहो! धावा!"

यजमान चहाची गाळणी घेऊन धावले. दहा मिनिटांच्या धुमश्चक्रीनंतर तिन्ही गप्पी एका पातेल्यात आले. दोघांचे हात कोपरापर्यंत ओले, जमिनीवर तळं, आणि साहेब मात्र काही घडलंच नाही अशा थाटात मधोमध उभे. मावशींनी आधी फरशी पुसली. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझंच चुकलं. मासा म्हणजे काय झंपर आहे, मॅचिंग अस्तर लावायला?"

यजमान हसले नाहीत. ते पिशवी शोधत होते. ती केराच्या डब्यात सापडली.

संध्याकाळी मावशी मान खाली घालून दुकानात हजर झाल्या. मासेवाल्यांनी "मी सांगत होतो" असं एका शब्दानंही म्हटलं नाही. जखमी गप्पीला वेगळ्या भांड्यात ठेवलं, शेपूट परत येईल म्हणून धीर दिला आणि विचारलं, "आता मला सांगा, तुमचे साहेब दिवसभर असतात कुठे?"

मावशींनी आठवून पाहिलं. "वरच. पाण्याच्या वरच्या अंगाला. श्वास घ्यायला सारखे वर येतात."

"मग त्यांच्या वाटेत न येणारे द्यायला हवेत. तळाशी राहणारे. शांत, आखूड पंखांचे, आणि दुसऱ्याच्या शेपटीचे लचके न तोडणारे. काही मासे असे खोडकर असतात की उलट फायटरच बिचारा फाटून जातो."

खालच्या एका टाकीकडे त्यांनी बोट दाखवलं. बोटाच्या पेराएवढे, मिश्या असलेले मासे वाळू हुंगत घोळक्यानं फिरत होते. कोरी म्हणतात यांना, असं त्यांनी सांगितलं. मावशींना ते भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचे दिसले, पण या खेपेला त्यांनी तोंड आवरलं. नीट पाहिल्यावर त्यांत दोन छटा दिसल्या, काही तांबूस आणि काही शेवाळी.

"सहा घ्या. घोळका असला की खूश असतात. पंधरा दिवस वेगळे ठेवून तपासलेत मी."

"बरं. पण त्यातल्या त्यात तांबूस द्या हो."

मासेवाले जाळी घेऊन टाकीपुढे उभे राहिले. उभेच राहिले. मग त्यांनी एकदम सहा मासे काढून पिशवीत भरले. मावशींनी पिशवी उजेडाकडे धरली. चार शेवाळी होते.

"अहो, हे तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मासेवाल्यांचे कान लाल झाले होते.

"मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही, मावशी. जन्मापासून. पूर्वी मुलगी दुकानात असायची, ती टाक्यांवर रंग लिहून ठेवायची. आता ती तिच्या घरी गेली, चिठ्ठ्या ओल्या होऊन पुसल्या. गिऱ्हाईक म्हणतं लाल द्या, मी अंदाजानं जाळी घालतो. निम्म्या वेळा चुकतं."

"आणि तरी तुम्हाला यांचा स्वभावन् स्वभाव माहीत!"

"रंग दिसत नाही म्हटल्यावर दुसरं बघायचं काय? हा आधी खातो, तो रुसतो, तिला कोपरा लागतो... तेच बघत बसतो."

मावशींनी ते सहा मासे तसेच घेतले. बदलून मागितले नाहीत.

मासेवाल्यांनी सांगितलं तसं दोघांनी सगळं केलं. साहेबांना थोडा वेळ बरणीत ठेवलं आणि टाकीतल्या वनस्पती, दगड इकडचे तिकडे केले, म्हणजे परतल्यावर त्यांना ही आपलीच जहागीर असं वाटू नये. यजमानांनी लपायला मातीच्या नळीचे दोन तुकडे घासून आणले आणि कुणी उडी मारू नये म्हणून झाकणाची फट काचेच्या पट्टीनं बुजवली. ती बसवताना ते शीळ घालत होते. कित्येक महिन्यांत मावशींनी त्यांची शीळ ऐकली नव्हती. साहेबांना परत टाकीत सोडून, पोटभर खाऊ घालून, टाकीचा दिवा मालवून, मग कोरी सोडले.

साहेब खाली आले. कल्ले उघडले. एका कोरीच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. कोरीनं मिश्या हलवल्या आणि वाळू हुंगायला घेतली. दुसरा साहेबांच्या पोटाखालून सरळ निघून गेला. असा अपमान साहेबांना नवा असावा. ते थोडे घुटमळले, पुन्हा एकदा कल्ले उघडून पाहिले, कुणी ढुंकून बघेना, तेव्हा वर निघून गेले.

"पटलं वाटतं," यजमान म्हणाले.

"इतक्यात काही बोलू नका," मावशी म्हणाल्या, पण खुर्ची त्यांनी टाकीच्या जवळ ओढली.

आठवडा गेला, सगळ्यांचे पंख शाबूत होते. साहेबांच्या फेऱ्या कमी झाल्या. आता ते एका रुंद पानावर टेकून खाली चाललेली लगबग बघत पडायचे. भाचीनं फोनवर व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा तर जाडा झालाय!"

पुढच्या सुट्टीला मावशी न भिजणारी चिठ्ठ्यांची गुंडाळी आणि जाड पेन घेऊन माशांच्या दुकानात गेल्या. "चला, कुठल्या टाकीपासून?" त्यांनी पदर खोचून विचारलं. मासेवाले संकोचले, पण स्टूल आणून दिलं.

मावशींनी नुसतं लाल, हिरवं लिहिलं नाही. डाळिंबी, अबोली, शेवाळी, मोरपंखी, पोपटी, विटकरी, असं तोलून मापून लिहिलं. प्रत्येक रंगाखाली मासेवाले सांगतील ते. 'भित्रा.' 'चावतो.' 'एकटा ठेवा.' 'सहापेक्षा कमी देऊ नये.' काही चिठ्ठ्यांवर दोघांचं जुंपलंही. एका माशाला ते गरीब म्हणत होते आणि मावशींच्या डोळ्यांदेखत त्यानं शेजाऱ्याला ढुशी दिली.

शेवटून तिसऱ्या टाकीपाशी मात्र मावशींचं पेन थांबलं. आतले मासे काचेसारखे आरपार होते. काटा दिसत होता, मागचं पान दिसत होतं.

"काय लिहू?" त्यांनी बराच वेळ निरखून विचारलं. "यांना रंगच नाही हो!"

"नाही ना?" मासेवाले खुदकन हसले. "म्हणजे हे तुम्हाला आणि मला अगदी सारखेच दिसतात."

मावशीही हसल्या. त्यांनी 'आरपार' असं लिहिलं, खाली 'लाजाळू, गटानं ठेवा' लिहिलं, चिठ्ठी काचेवर चिकटवून अंगठ्यानं नीट दाबली आणि स्टूल पुढच्या टाकीकडे सरकवलं.